बद्रीकेदारची वही

आमच्या मारुंजीतली जुनी माणसं अजूनही ‘चार धाम’ म्हणत नाहीत, ‘बद्रीकेदार’ म्हणतात. एका दमात, एकच गाव असल्यासारखं. बद्रीनाथ विष्णूचं, केदारनाथ शंकराचं, दोघांच्या मध्ये डोंगर उभे आणि एकाकडून दुसऱ्याकडे मोटारीने जायचं तर सबंध दिवस मोडतो, हे त्यांना ठाऊक असतं. तरी तोंडात येतं ते बद्रीकेदारच.

२०२५ च्या जानेवारीत एका संध्याकाळी शेजारचे तात्या दोनशेपानी वही घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, “भाई, औंदा बद्रीकेदार करायचं. समदं लिहून काढा.”

मी म्हटलं, “तात्या, मीच का? गावात टूरवाले आहेत, तुमचा पुतण्या दिवसभर कॉम्प्युटरवर असतो.”

“तुम्ही स्टोअरात होता ना,” तात्या म्हणाले आणि वही ठेवून गेले.

मी कविता लिहितो हे गल्लीत माहीत आहे, पण त्याचा कुणाला फारसा उपयोग झालेला नाही. चाकणच्या एका कारखान्यात पुष्कळ वर्षं स्टोअर सांभाळलं, ते मात्र लोकांच्या लक्षात आहे. स्टोअरवाल्याचं डोकं एका खास तऱ्हेनं चालतं. माल किती आहे यापेक्षा तो कधी संपेल आणि संपला तर काय, हा विचार आधी येतो. लाइन बंद पडू नये म्हणून थोडा माल नेहमी शिल्लक ठेवायचा असतो. डोंगरातल्या यात्रेला हीच विद्या लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तात्यांविषयी थोडं सांगतो. हिंजवडीला आयटी पार्क झालं त्याआधी मारुंजी म्हणजे भाताची खाचरं आणि ऊस. तात्यांची बरीचशी जमीन गेली, तिथं आता बारा मजल्यांच्या इमारती आहेत. त्यांनी मात्र घरामागे गोठा ठेवलाय, त्यात दोन गाई. देहूहून तुकोबांची पालखी निघते, तिच्याबरोबर ते वर्षानुवर्षं पंढरपूरला चालत जातात. वय अडुसष्ट. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माई गेल्या. तात्यांना त्यांचं तोंडही पाहता आलं नाही. दवाखान्यातूनच परस्पर नेलं. बद्रीनाथला अलकनंदेच्या काठी ब्रह्मकपाल नावाची जागा आहे, तिथं पितरांचं श्राद्ध करतात. माईंचं श्राद्ध तिथं करायचं, हे तात्यांनी मनाशी धरलं होतं. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एकच शब्द लिहून आणला होता: ‘ब्रम्हकपाल’. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं ठसठशीत अक्षर.

पहिली बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. मी पायरीवर बसणार होतो, तात्यांनी हाताला धरून सतरंजीवर बसवलं. बावीस माणसं जमली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी यात्रा होती. कुणाला नऊ दिवसांत यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री असं सगळं उरकायचं होतं. कुणी हेलिकॉप्टरशिवाय बोलत नव्हतं. एक काकी म्हणाल्या, आम्ही वारीला अडीचशे किलोमीटर चालतो, आम्हाला काय सांगता?

काकींचा मुद्दा खोटा नव्हता. पण वारीची वाट जाते साधारण पाचशे-सहाशे मीटर उंचीवरून. दिवे घाटाची एक चढण सोडली तर श्वास कुठं अडत नाही. तुकोबांच्या पालखीला तर दिवे घाटही नाही. केदारनाथ आहे ३,५८३ मीटरवर. आपल्या महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी केदारचं देऊळ तिच्याही वर राहतं. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. मी त्यांना म्हटलं, “काकी, इथं तीन घास खाता, तिथं दोनच मिळणार, आणि काम मात्र जास्त.” हे त्यांना पटलं. मी ते वहीत लिहूनही ठेवलं.

मग पंचांग. ही देवळं बारा महिने उघडी नसतात. बद्रीनाथचे दरवाजे कधी उघडणार हे वसंत पंचमीला टिहरीच्या राजघराण्याच्या नरेंद्रनगरच्या वाड्यात ठरतं, केदारनाथचं महाशिवरात्रीला उखीमठात. त्या वर्षी केदार २ मे रोजी उघडणार होतं, बद्री ४ मे रोजी. केदार बंद होतं भाऊबीजेला. तात्यांना आषाढीची वारी चुकवायची नव्हती, म्हणून मे महिना धरला. मेमध्ये तिथं सगळ्या देशाची गर्दी लोटते. तरी बावीस जणांची सुट्टी, लग्नसराई आणि नातवंडांचे निकाल यांतून तेवढेच दिवस सापडत होते. सरकारी नोंदणी सक्तीची आहे, आधार कार्डाशिवाय होत नाही. ती मी एकेकाला शेजारी बसवून केली. बावीस जणांची जन्मतारीख त्या निमित्ताने कळली. त्यांतल्या नऊ जणांची एक जून निघाली! शाळेत नाव घालताना मास्तरांनी घातलेली.

असं सगळं जमत आलं होतं आणि २२ एप्रिलला पहलगामची बातमी आली.

तुम्हाला ती आठवतच असेल. बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली. त्यात सहा महाराष्ट्रातली, दोन आपल्या पुण्याची. नाव-धर्म विचारून गोळ्या घातल्या. मेलेल्यांमध्ये तिथला एक मुसलमान घोडेवालाही होता. त्या आठवड्यात आमची बैठक गुरुवारी होती. मी गेलो नाही. बायकोने विचारलं, का नाही गेलात? मी म्हटलं, कंबर दुखतेय. कंबर दुखत नव्हती. त्या सतरंजीवर बसून ‘उद्या सकाळी इतक्या वाजता’ असं आपण कोणत्या तोंडाने सांगायचं, आणि आपल्याला का सांगता येऊ नये, हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी डोक्यात होते. कुणी मला काही बोललं नव्हतं. कुणी काही न बोलणं हेच त्या चार दिवसांत जड झालं होतं.

साडेआठला तात्यांचा पुतण्या दारात. “चाचा, तात्या बोलवतायत. म्हणाले, वही तुमच्याकडं हाय.”

गेलो. त्या दिवशी यात्रेचं फारसं काही झालं नाही. मेलेल्यांसाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग कुणीतरी वही चाळली आणि दचकून म्हणालं, “ह्यात तर श्रीनगर लिवलंय!” हरिद्वारहून वर जाताना अलकनंदेच्या काठी श्रीनगर नावाचं गाव लागतं, ते गढवालचं, काश्मीरशी त्याचा काही संबंध नाही. हे समजावून सांगितलं तेव्हा माणसं पहिल्यांदा थोडी हसली. पण मेमध्ये निघायला कुणी तयार नव्हतं, आणि पुढे मेच्या पहिल्या पंधरवड्यात सीमेवर जे झालं ते पाहता तेच बरं झालं. यात्रा दसऱ्यानंतर ढकलली. बावीसमधले नऊ जण गळाले.

१५ जूनला सकाळी केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळलं. सात जण गेले. त्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंब होतं, लहान मुलीसकट. त्या दिवसानंतर आमच्याकडे हेलिकॉप्टरचं नाव कुणी काढलं नाही. माझं मत विचाराल तर अपघात नसता झाला तरी मी ते नकोच म्हटलं असतं. हेलिकॉप्टर माणसाला आठ-दहा मिनिटांत साडेतीन हजार मीटरवर नेऊन ठेवतं. शरीराला ते कळतच नाही. त्याला उंची समजायला दिवस लागतात. सोनप्रयाग ते केदारनाथ रोपवेला केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली, जवळपास तेरा किलोमीटरचा. आठ-नऊ तासांची वाट छत्तीस मिनिटांत होणार म्हणतात. म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय होईल, नाकारत नाही. पण छत्तीस मिनिटांत वर गेलेल्या म्हाताऱ्याच्या छातीचं काय होईल, हा हिशेबही कुणीतरी मांडायला हवा. २०२२ च्या हंगामात चारधाम यात्रेत सुमारे तीनशे यात्रेकरू दगावले, ते बहुतेक दरीत पडून नव्हे, तर हृदय आणि उंचीच्या त्रासाने.

डॉक्टर लोक सांगतात तो नियम साधा आहे. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं, ही शरीराची पहिली नोटीस. तेवढ्यावर थांबायचं, आणखी चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर रात्र असो की पाऊस असो, खाली उतरवायचं. बाकी औषध त्यानंतर. हे मी वहीत लाल शाईने लिहिलं, आणि बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते करोनातलं छोटं यंत्र यादीत पहिलं घातलं.

५ ऑगस्टला दुपारी गंगोत्रीच्या वाटेवरच्या धरालीवर डोंगरातून चिखलाचा लोंढा आला. ती चित्रफीत सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली: लोक शिट्ट्या वाजवतायत, ओरडतायत आणि तीन-चार मजली हॉटेलं काड्यांसारखी वाहून जातायत. महाराष्ट्रातले पुष्कळ पर्यटक त्या भागात अडकले होते, त्यांत आपल्या पुणे जिल्ह्यातलेही होते. आमचं रेल्वेचं आरक्षण खुलं होणार होतं ८ ऑगस्टला. पूर्वी चार महिने आधी तिकीट काढता यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी मिळतं. म्हणजे धरालीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मला ठरवायचं होतं की तेरा माणसांचे पैसे भरायचे की नाही.

आदल्या रात्री मी २०१३ च्या जूनची जुनी कात्रणं काढून वाचत बसलो. तेव्हा केदारच्या वरचं चोराबारी तळं फुटलं, मंदाकिनीने रामबाडा नावाचं वाटेवरचं ठाणंच पुसून टाकलं, हजारो माणसं गेली. देवळामागे एक प्रचंड शिळा येऊन अडकली आणि पाणी दोन्ही बाजूंनी वाटून गेलं म्हणून देऊळ राहिलं. जुनी वाट चौदा किलोमीटरची होती, आता रामबाड्यानंतर नदीच्या पलीकडून नवी, एकूण सोळाची. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. २०१३ चा जून, ३१ जुलै २०२४ ची ढगफुटी, धरालीचा ऑगस्ट, सगळे प्रकार पावसाळ्यातले. ऑक्टोबरमध्ये थंडी असते, पण पाऊस ओसरलेला असतो. मी दोन गोष्टी केल्या. गंगोत्री आणि यमुनोत्री वहीतून खोडली. आणि वाचलेल्या दिवसांपैकी एक कोरा ठेवला. त्या दिवसापुढे काहीच लिहिलं नाही. दरड कोसळली, कुणी आजारी पडलं, तर तो खर्च करायचा. स्टोअरच्या भाषेत, शिल्लक. टूरवाल्यांच्या कुठल्याही पत्रकात मला असा कोरा दिवस दिसला नाही. कोऱ्या दिवसाचे पैसे कोण देणार?

तिकिटं काढली. ८ ऑक्टोबरच्या पहाटेची गोवा एक्सप्रेस.

ऑगस्टपासून दर रविवारी सकाळी मी सगळ्यांना घेऊन सोमाटण्याजवळच्या घोरावडेश्वराच्या पायऱ्या चढायला लागलो. वर लेण्यांत महादेव आहे. माणसं चढायची, दर्शन घ्यायची, मी बाहेर कट्ट्यावर बसून प्रत्येकाला किती वेळ लागला ते टिपायचो. वारीच्या काकी सगळ्यांत पुढे. तात्या सगळ्यांत मागे. तिसऱ्या रविवारी ते निम्म्या वाटेवर पायरीवर बसले आणि चपलेचा अंगठा सरळ करायला लागले. अंगठा सरळच होता.

२०१९ मध्ये तात्यांना दोन स्टेंट घातले होते. मेच्या बेताच्या वेळी मी त्यांना तपासून घ्या म्हणून तीनदा सांगितलं. एकदा गाय व्यायली होती, एकदा पाहुणे आले, एकदा डॉक्टर गावाला गेले होते. आता मी स्वतः चिंचवडला त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, बद्रीनाथला गाडीने जाऊ दे, वाटेत एक रात्र थांबून. दर्शन झालं की झोपायला खाली उतरायचं. केदारनाथ नाही. चालत नाही, घोड्यावर नाही, हेलिकॉप्टरने नाही, पालखीतून नाही.

परतताना तात्या एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर गोठ्यात गेले. तीन दिवस बोलणं नाही. चौथ्या दिवशी पुतण्या वही मागायला आला. म्हणाला, “तात्या म्हणतायत, नाव खोडून टाका. अर्धं बद्रीकेदार करायचं न्हाई.”

मी वही दिली नाही. रात्री जेवण झाल्यावर स्वतः गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. काय बोलावं हे ठरवून गेलो नव्हतो. माझ्या आईची गोष्ट सांगितली. तिने हजचा अर्ज केला होता. नाव निघेपर्यंत वर्षं गेली, आणि निघालं तेव्हा तिचे गुडघे गेलेले होते. ती फार रडली. तेव्हा आमच्या मशिदीतल्या मौलाना साहेबांनी तिला सांगितलं की हज ज्याला झेपते त्याच्यावरच आहे, पैशाने, प्रकृतीने, वाटेने. झेपत नाही त्याच्याकडे ती मागितलेलीच नाही. आणि आधी हज करून आलेला माणूस दुसऱ्याच्या नावाने ती करू शकतो, तिला हज-ए-बदल म्हणतात. माझा थोरला भाऊ तिच्या नावाने करून आला. आईचं पूर्ण समाधान झालं का? सांगता येत नाही. पण जेवायला लागली.

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सावता माळी कुठं पंढरीला गेला? अरणच्या मळ्यातनं हालला न्हाई. देवच आला.” पुन्हा गप्प. मग, “पर भाई, मी काय सावता माळी न्हाई.”

मी बॅटरी पेटवून वहीत चिकटवलेला नकाशा दाखवला. तो मी आधीच्या तीन रात्री पाहत बसलो होतो. हिवाळ्यात केदार बर्फात गेलं की देवाची उत्सवमूर्ती डोलीतून खाली उखीमठला येते, तिथल्या ओंकारेश्वराच्या देवळात सहा महिने पूजा होते. उखीमठ तेराशे मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईपेक्षाही खाली. मी म्हटलं, “तात्या, देव स्वतः थंडीत वर राहत नाही. खाली येतो. तुम्ही त्याच्या हिवाळ्याच्या घरी थांबा. बाकीचे वर जाऊन येतील. मग उखीमठहून चोपत्याच्या वाटेने चमोली, जोशीमठ आणि बद्रीनाथ, सगळे एकत्र.”

तात्यांनी नकाशावर बोट ठेवलं, उखीमठपासून बद्रीनाथपर्यंत हळूहळू नेलं. मग उठून आत गेले आणि म्हणाले, “तूप कोण नेईल ते बघावं लागंल.”

केदारनाथाच्या शिळेला यात्रेकरू तूप लावतात, ही जुनी पद्धत. तात्यांनी ते कुठंतरी कीर्तनात ऐकलं होतं. घरच्या गाईचं, माईंच्या हातच्या बरणीतलं तूप पुतण्याने वर न्यायचं, असं ठरलं. मी यादीत लिहिलं: तूप, पाव किलो, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा.

बाकीची तयारी मी पटापट सांगतो, कारण ती कुणीही करील. लोकरीचे मोजे दोन जोड, रबरी तळाचे बूट आणि ते दोन महिने आधी घेऊन वापरून मऊ केलेले. रेनकोट, छत्री नको. औषधं दोन ठिकाणी विभागून. रोख पैसे, कारण वर मशिनं चालतीलच असं नाही. हरिद्वारहून गाडी तीच, जिला सगळा हिंदुस्थान ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ म्हणतो. ‘टेम्पो’ हा शब्द आपल्या आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने देशभर नेला, हे सांगताना आमच्याकडच्या मंडळींची छाती फुगायची. चढणाऱ्यांसाठी एक नियम: पहाटे गौरीकुंडहून निघायचं आणि दुपारी एकच्या आत लिंचोलीला पोहोचला नाही, त्याने पुढे जायचं नाही. कुणाच्याही भक्तीची परीक्षा दुपारी एकनंतर घ्यायची नाही. यावर वाद झाला. काकींनीच तो मिटवला. “वारीत बी मुक्काम ठरलेला आसतो,” त्या म्हणाल्या.

पुजाऱ्यांशी भाषेचं काय, असं तात्यांनी विचारलं. मी सांगितलं, केदारचे रावळ कर्नाटकातल्या वीरशैव परंपरेतले आणि बद्रीचे केरळचे नंबुद्री. तेही तिकडे परकेच. तात्यांना याचं फार बरं वाटलं.

आणि एक काम मी माझं म्हणून वहीत घातलं. बद्रीनाथहून परतताना नंदप्रयाग लागतं, तिथं नंदाकिनी अलकनंदेला मिळते. या गावच्या बदरुद्दीन नावाच्या माणसाने बद्रीनाथाची आरती रचली, असं गढवालात पिढ्यानपिढ्या मानत आले. मंद, गार वाऱ्याच्या वर्णनाने ती सुरू होते. अलीकडे रुद्रप्रयाग जिल्ह्यातल्या एका घराण्याने एकोणिसाव्या शतकातलं हस्तलिखित पुढे आणलं, त्यावर दुसऱ्या भक्ताचं नाव आहे आणि तिथल्या सरकारने ते मान्य केलं. मी हस्तलिखिताशी भांडायला जाणार नाही; ज्याची असेल त्याची आरती. मला कुतूहल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. शंभराहून अधिक वर्षं माणसं ही आरती एका मुसलमानाची आहे असं समजून थंडीत कुडकुडत, हात जोडून म्हणत राहिली आणि त्यांचं काही अडलं नाही. आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना वारकऱ्यांनी असंच आपलं म्हटलं आहे. मी एवढंच लिहिलं: ‘नंदप्रयाग. जमल्यास पाच मिनिटं उतरणे.’

तुम्हीही चला, असं मला सगळेच म्हणत होते. मी गेलो नाही. गाईंना कोणीतरी पाहायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर, बेत आखणारा बरोबर असला की माणसं त्याच्या तोंडाकडे पाहतात, वहीत पाहत नाहीत.

८ ऑक्टोबरला पहाटे तेरा माणसं पुणे स्टेशनवरून गेली. मला रोज संध्याकाळी फोन यायचा, तोही आकड्यांचा: कुणाचा ऑक्सिजन किती. वर गेलेल्या नऊ जणांतले सात केदारला पोहोचले. दोघं लिंचोलीहून परतली. त्यांत काकी होत्या! घोरावडेश्वरला सगळ्यांत पुढे असणाऱ्या. डोकं दुखायला लागल्याबरोबर त्या स्वतःच वळल्या, कुणी सांगावं लागलं नाही. तुपाचा डबा पुतण्याने पुजाऱ्यांच्या हाती दिला. तात्या उखीमठला दोन दिवस ओंकारेश्वराच्या अंगणात उन्हात बसून होते. कोरा दिवस चोपत्याच्या वाटेवर कामी आला, रस्ता बंद नव्हता, गाडीचाच पाटा तुटला. ब्रह्मकपालला माईंचं श्राद्ध झालं. त्या दिवशी तात्यांनी फोन केला नाही, पुतण्याने केला, आणि ‘झालं’ एवढंच म्हणाला.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मंडळी परतली. दिवाळीनंतर तात्यांनी मावंदं घातलं. आमच्या घरी आमंत्रण द्यायला ते स्वतः आले होते. माझ्या बायकोला पुरणपोळ्या लाटायला बसवलं, मला वाढायला. पंगती उठल्यावर तात्यांनी वही परत दिली. गौरीकुंडच्या पानाला तुपाचा मोठा डाग पडला आहे, अक्षरं आरपार दिसतात. नंदप्रयागच्या ओळीपुढे तात्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं आहे: ‘ऊतरलो. गार वारा होता.’